गुडघ्यातील प्रत्येक वेगळेपण म्हणजे दुखापत नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर अलीकडेच कबड्डीपटूंच्या गुडघ्यांच्या दुखापतींविषयी सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध झाला. गावोगावच्या जत्रांमध्ये आणि मंडळांच्या स्पर्धांमध्ये, पुरेसा सराव नसताना, कधी चिखलात तर कधी जांभ्याच्या कठीण कातळावर माती पसरून केलेल्या मैदानात खेळणाऱ्या मुलांचे हाल त्या वृत्तांताने वाचकांसमोर मांडले, याबद्दल आपले आणि आपल्या वार्ताहराचे मनापासून आभार. मात्र त्यातील दोन विधाने मला स्वस्थ बसू देत नाहीत. ‘माणसाच्या गुडघ्यात चार लिगामेंट असतात’ हे पहिले, आणि ‘एमआरआय काढला की काय तुटले आहे ते नेमके समजते’ हे दुसरे. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविण्यात माझे नोकरीचे आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर मी सिंधुदुर्गातील आमच्या मूळ गावी राहते. ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत आणि त्यांच्या अर्धवटपणाचा भुर्दंड रुग्णाला, विशेषतः आपल्याकडच्या, तपासणीसाठी कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठावी लागणाऱ्या रुग्णाला भरावा लागतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. विषयाची गरज लक्षात घेऊन ते काटछाट न करता छापावे, ही विनंती.

चार अस्थिबंधांची, म्हणजे लिगामेंटची, गोष्ट खोटी नाही. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जोडणारे दोन अस्थिबंध, ज्यांना आता खेळाडूही एसीएल (पुढचा) आणि पीसीएल (मागचा) म्हणून ओळखतात, आणि सांध्याच्या आतल्या व बाहेरच्या अंगाला असलेले आणखी दोन, हे चार जवळजवळ प्रत्येकाच्या गुडघ्यात असतात आणि गुडघ्याच्या स्थैर्याचा मुख्य भार तेच वाहतात. परंतु या चारांशिवाय गुडघ्यात अनेक लहानमोठे बंध असतात, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की ते सर्वांमध्ये सारखे नसतात. कोणात एखादा बंध ठसठशीत असतो, कोणात तो पातळ पापुद्र्याएवढाच उरलेला असतो, कोणात नसतोच. एवढेच नव्हे, एकाच माणसाच्या उजव्या आणि डाव्या गुडघ्यातही फरक आढळतो. पाठ्यपुस्तकातील आकृती अनेक गुडघ्यांवरून काढलेली एक सोयीची आकृती असते. ती आकृती म्हणजेच निरोगी गुडघा आणि तिच्याहून निराळे दिसणारे सारे बिघडलेले, असा समज एकदा रुजला की तो काढणे फार कठीण जाते. वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्येही तो रुजतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गुडघ्याच्या मागच्या भागात आहे. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन अर्धवर्तुळाकार कूर्चा असतात. त्यांना आपण बोलताना ‘गादी’ म्हणतो. त्यांपैकी बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकापासून एक किंवा दोन बंध निघतात, तिरपे वर आणि आतल्या बाजूला जातात आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या गोळ्याला चिकटतात. पीसीएलच्या पुढून जाणाऱ्या बंधाला केंब्रिजचे हम्फ्री यांचे नाव आहे आणि मागून जाणाऱ्याला अठराव्या शतकातील जर्मन शरीररचनातज्ज्ञ रिसबर्ग यांचे. निरनिराळ्या देशांतील विच्छेदनांचे आकडे एकत्र पाहिले तर दहापैकी नऊहून अधिक गुडघ्यांत या दोहोंपैकी किमान एक बंध सापडतो. मात्र कोणता सापडेल, किती जाड असेल, दोन्ही असतील की एकच, याला नियम नाही. विच्छेदनाच्या टेबलावर पालथ्या ठेवलेल्या देहाच्या गुडघ्यामागची चरबी आणि रक्तवाहिन्या बाजूला करून सांध्याचे मागचे आवरण उघडले की प्रथम पीसीएलचा रुंद पांढरा पट्टा दिसतो. चिमट्याने त्याच्या मागच्या पृष्ठभागावरील मऊ ऊती सोलत गेले की काही वेळा त्या पट्ट्याच्या निम्म्या जाडीचा एक स्वतंत्र बंध तिरपा वर जाताना दिसतो, तर काही वेळा झावळीच्या हिराएवढी बारीक काडी हाती लागते. बाहेरची गादी चिमट्यात धरून हलकेच ओढली की हा बंध ताठ होतो, आणि तो पीसीएलचा भाग नसून गादीचा आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या बोटांना कळते. पुढच्या टेबलावरच्या गुडघ्यात मागे काहीच मिळत नाही आणि हम्फ्रीचा बंध पुढे लपलेला असतो. हे सारे देह ज्यांचे, त्यांच्यापैकी बहुतेक जण आयुष्यभर शेतात, बाजारात, बंदरावर चालले असतील, आणि आपल्या गुडघ्यात कोणता बंध आहे आणि कोणता नाही याचा त्यांना कधी पत्ताही लागला नसेल.

हे बंध निरुपयोगी आहेत असेही नाही. गुडघा वाकताना बाहेरच्या गादीचे मागचे टोक जागेवर राखण्यात त्यांचा वाटा असतो, आणि पीसीएल तुटलेल्या गुडघ्यात ते शाबूत असतील तर नडगी मागे सरकण्याला काही प्रमाणात अटकाव होतो. म्हणून दोन खेळाडूंचा पीसीएल सारखाच तुटला तरी एकाचा गुडघा दुसऱ्यापेक्षा कमी डळमळीत राहू शकतो.

आता एमआरआयकडे वळते. या यंत्राने गुडघ्याच्या निदानात क्रांती घडवली, याबद्दल दुमत नाही. पण एमआरआय गुडघ्याचे पातळ काप केल्याप्रमाणे चित्रे देतो. प्रत्येक चित्र साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीच्या कापाचे असते. अस्थिबंध आणि गादी त्यात काळ्या दिसतात, पाणी आणि चरबी उजळ दिसू शकते. रिसबर्गचा बंध गादीपासून जिथे सुटतो तिथे दोन काळ्या भागांच्या मध्ये एक बारीक उजळ रेषा उमटते, आणि त्या एकाच कापाकडे पाहिले तर गादीला उभी चीर गेली आहे असे हुबेहूब भासते. हम्फ्रीचा बंध पीसीएलच्या पुढे गोल ठिपक्यासारखा दिसतो, तेव्हा गादीचा तुटलेला तुकडा तिथे सरकला आहे, अशी शंका येऊ शकते. दोन गाद्यांची पुढची टोके जोडणारा आडवा बंध असतो. तोही पुष्कळांत आढळतो आणि काहींत आढळत नाही, आणि जिथे तो गादीला मिळतो तिथे पुढच्या टोकाला चीर असल्याचा भास होतो. एका गादीच्या पुढच्या टोकापासून दुसरीच्या मागच्या टोकापर्यंत तिरपा जाणारा आणखी एक दुर्मीळ बंध आहे. शंभरात चार गुडघ्यांतही तो मिळत नाही, पण मिळाला की गादीचा मोठा तुकडा उलटून मध्ये अडकल्याचे चित्र तो उभे करतो. या सगळ्या फसगतींचे वर्णन क्ष-किरण शाखेच्या ग्रंथांमध्ये आहे आणि त्या टाळण्याचा मार्गही सोपा आहे: एका कापावर न थांबता ती रेषा एकापाठोपाठ एक कापांमधून कुठे जाते ते पाहावे. ती पुढे बंधात विलीन होऊन मांडीच्या हाडाकडे निघाली तर ती चीर नव्हे.

आमच्या शेजारच्या वाडीतील एका मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडले. चढाई करताना त्याचा डावा गुडघा पिळवटला, थोडी सूज आली, आठवड्याभरात तो लंगडत का होईना चालू लागला. घरच्यांनी काळजीपोटी जिल्ह्याबाहेर नेऊन एमआरआय काढून आणला. अहवालात बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकाला चीर असल्याचे नमूद होते आणि ज्या डॉक्टरांकडे तो कागद प्रथम गेला त्यांनी गुडघ्याला हात न लावता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा खर्च सांगितला. मुलाची आई तो कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘रिपोर्टात गादी फाटली म्हणान लिवलला आसा, आता काय करूचा?’ एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती; कलमांच्या बागेच्या करारापोटी मिळालेली आगाऊ रक्कम त्यासाठी बाजूला काढण्याची तयारीही घरात झाली होती. मी शल्यचिकित्सक नाही, त्यामुळे सल्ला देण्याचा अधिकार मला नव्हता. मी त्यांना एका ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले आणि त्यांच्या विनंतीवरून सोबत गेले. त्या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि आधी मुलाचा चांगला गुडघा तपासला. मग दुखरा. सांध्याच्या बाहेरच्या फटीवर बोटाने दाबत ते मागपर्यंत गेले, तेव्हा मुलगा शांत होता. आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर बोट येताच त्याने पाय आखडला. त्यानंतर त्यांनी सीडीवरील चित्रे संगणकावर लावून ती रेषा कापामागून काप पुढे नेली. ती पीसीएलच्या मागे जाऊन, चांगल्या जाडजूड रिसबर्गच्या बंधात मिळाली. मीही ते पडद्यावर पाहिले आणि मनोमन विच्छेदनाच्या टेबलापाशी गेले. दुखत होता तो आतल्या बाजूचा ताणलेला अस्थिबंध. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. विश्रांती आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांवर तो मुलगा बरा झाला.

इथे दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या पत्राचा गैरफायदा घेतला जाईल. रिसबर्गचा बंध जिथे गादीला मिळतो, त्याच जागी खरी चीरही पडते, आणि ती बहुधा एसीएल तुटण्याच्या जोडीने पडते. तेव्हा ‘तो बंधच असेल’ म्हणून झटकून टाकणेही तितकेच घातक. गुडघ्यातून ‘कट्‌’ असा आवाज आला, तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजला, नंतर वळताना पाय निसटतो, गुडघा मध्येच अडकतो, अशी लक्षणे असलेल्या खेळाडूने घरी तेल चोळत किंवा पाला बांधून बसू नये. दोन शक्यतांमधला निवाडा करण्यासाठी चित्र, हाताने केलेली तपासणी आणि दुखापत कशी झाली याची हकिगत, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. माझी तक्रार एमआरआयबद्दल मुळीच नाही. तपासणीची जागा कागदाने घेतली, याबद्दल आहे.

अस्थिबंधांच्या वैविध्याविषयी शास्त्रज्ञांमध्येही किती मतभेद होऊ शकतात, हे गुडघ्याच्या पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यातील बंधाच्या इतिहासावरून दिसते. १८७९ साली पॅरिसमधील शल्यचिकित्सक पॉल सेगाँ यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांना पीळ देऊन पाहिले, तेव्हा नडगीच्या बाहेरच्या कडेचा एक टवका निघून येतो आणि त्या टवक्याला मोत्यासारखी चमक असलेला एक चिवट तंतुमय पट्टा चिकटलेला असतो, असे त्यांनी नोंदवले. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागायचा होता. आज क्ष-किरण चित्रात तो छोटा टवका दिसला की एसीएल तुटला असावा, असा कयास अस्थिरोगतज्ज्ञ लगेच बांधतात. तो टवका सेगाँच्याच नावाने ओळखला जातो. पट्ट्याकडे मात्र शतकभर फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१३ मध्ये बेल्जियममधील ल्युव्हेन येथील संशोधकांनी ४१ गुडघ्यांचे विच्छेदन करून ४० गुडघ्यांत हा बंध स्वतंत्रपणे दाखवून दिला, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘मानवी शरीरात नवा अवयव सापडला’ अशा थाटात ती बातमी छापली. त्यानंतर अनेक देशांत विच्छेदने झाली. काहींना तो बहुतेक सर्व गुडघ्यांत मिळाला, काहींना निम्म्याहून कमी गुडघ्यांत, आणि काहींनी तर तो स्वतंत्र बंध नसून सांध्याच्या आवरणाचाच जाड झालेला भाग आहे, असे मत दिले.

इतकी तफावत का पडावी? एक कारण खरोखरीच्या वैविध्याचे आहे. माणसामाणसांत हा पट्टा कमीजास्त असतोच. दुसरे कारण हाताच्या कौशल्याचे आणि पद्धतीचे आहे. ताज्या देहात ऊती लवचीक असतात, नडगी आतल्या बाजूला वळवली की हा पट्टा ताणला जाऊन उठून दिसतो. फॉर्मॅलिन या देह टिकवणाऱ्या द्रावणात ठेवलेल्या देहात सारे एकमेकांना चिकटून कडक झालेले असते. मांडीच्या बाहेरच्या अंगाने खाली येणारा रुंद पट्टा आधी कसा उचलला, सुरी कोणत्या थरातून फिरवली, यावर पुढे बंध सापडणार की त्याच्यासह कापला जाणार, हे ठरते. आणि एकाला जो ‘बंध’ वाटतो तो दुसऱ्याला ‘आवरणाची जाडी’ वाटतो. विच्छेदन शिकविणाऱ्या व्यक्तीला यात नवल वाटत नाही. पण या वादाचा रुग्णाशी थेट संबंध आहे, कारण एसीएलची पुनर्रचना करताना काही रुग्णांमध्ये हा बाहेरचा बंधही नव्याने उभा केला जातो. मुळात ज्या बंधाची जागा, जाडी आणि असणे-नसणे माणसागणिक बदलते, तो कोणात आणि कुठे उभा करायचा, याचा निर्णय विचारपूर्वकच व्हायला हवा.

एसीएलही सर्वांत एकसारखा नसतो. त्याचे दोन पदर शिकवले जातात, काही अभ्यासक तीन मानतात, तर काहींच्या मते तो मध्यभागी चपट्या फितीसारखा असतो. त्याची रुंदी आणि तो ज्या खाचेत बसतो त्या हाडातील खाचेची रुंदी माणसागणिक बदलते, आणि अरुंद खाच असलेल्यांत तो तुटण्याचा धोका अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत मुलांपेक्षा मुलींमध्ये एसीएल दुपटीहून अधिक प्रमाणात तुटतो; त्यामागे एकच कारण नाही, पण रचनेतील फरक त्या कारणांपैकी एक मानला जातो. आपल्या जिल्ह्यांत मुलींची कबड्डी जोमाने वाढत असताना प्रशिक्षकांनी याची जाण ठेवून उडी मारून उतरण्याचा आणि झटक्यात वळण्याचा सराव त्यांच्याकडून नीट करून घेतला पाहिजे. लाखात एखाद-दोन मुले एसीएलशिवाय जन्माला येतात, बहुधा पायाच्या इतर जन्मजात उणिवांसह. त्यांच्या एमआरआयमध्ये एसीएल दिसत नाही म्हणून तो ‘तुटला’ असा निष्कर्ष काढता येत नाही. हाडावरचे उंचवटेच तिथे सपाट असतात, ही खूण पाहिली की उलगडा होतो.

गुडघ्यामागच्या एका छोट्या हाडाचाही उल्लेख करायला हवा, कारण बंधाची रचना त्याच्याबरोबर बदलते. पोटरीच्या स्नायूच्या बाहेरच्या कंडरेत काही जणांना पावट्याच्या दाण्याएवढे जादा हाड असते. त्याला फॅबेला म्हणतात. ते मोठे असेल तर त्याच्यापासून पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाकडे जाणारा बंध जाड असतो आणि त्याच्या शेजारचा कमानीसारखा बंध दुबळा असतो. ते हाड नसेल तर बहुधा उलट. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या-नव्या अभ्यासांतील वीस हजारांहून अधिक गुडघ्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा १९१८ च्या सुमारास सुमारे ११ टक्के गुडघ्यांत असलेले हे हाड २०१८ पर्यंत सुमारे ३९ टक्के गुडघ्यांत आढळू लागले असल्याचे दिसले. सुधारलेल्या आहारामुळे लांब झालेली नडगी आणि वाढलेले पोटरीचे स्नायू हे त्याचे कारण असावे, असा त्यांचा कयास आहे. आशियाई लोकांमध्ये ते युरोपीयांपेक्षा अधिक आढळते. क्ष-किरण चित्रात हे हाड पाहून ‘गुडघ्यात हाडाचा तुकडा सुटला आहे’ असे सांगितले गेल्याची उदाहरणे वैद्यकात जुनी आहेत.

बाहेरची गादी काहींमध्ये अर्धवर्तुळाकार नसून चकतीसारखी भरीव असते. पाश्चात्त्यांपेक्षा जपान, कोरिया आणि भारतात हे अधिक दिसते. या चकतीच्या एका प्रकारात गादी मागे नडगीला बांधलेलीच नसते, तिला फक्त रिसबर्गचा बंध धरून असतो. अशा मुलांचा गुडघा वाकवता-सरळ करताना खटकन वाजतो आणि पुढे अडकूही लागतो. ज्यांच्या लहान मुलाचा एकच गुडघा सतत असा वाजतो, त्यांनी ‘वाढीचे वय आहे, बरे होईल’ म्हणून सोडून देऊ नये. हे वेगळेपण दाखवून घेण्याजोगे आहे. वैविध्य म्हणजे नेहमीच निरुपद्रवी, असा माझा दावा नाही.

वयाचा मुद्दा तर याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे पन्नाशी ओलांडलेल्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्या गादीला चीर आढळली त्यांच्यापैकी सुमारे ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचे कसलेही दुखणे नव्हते. कोकणात लावणीच्या दिवसांत तासन्‌तास वाकून चिखलात उभ्या राहणाऱ्या, पाखाडीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या, मासळीची टोपली डोक्यावर वाहणाऱ्या साठीच्या बायकांचे गुडघे दुखतात. त्यांपैकी कोणाचाही एमआरआय काढला तर गादीत काही ना काही दिसण्याचा संभव मोठा आहे. पण दिसले ते आणि दुखते ते एकच, हे गृहीत धरून सांध्यात दुर्बीण घालणे योग्य नव्हे.

म्हणून वाचकांना काही सांगणे आहे. गुडघा दाखवायला जाताना केवळ छापील अहवाल नेऊ नका, सीडी किंवा मूळ चित्रे न्या. अहवालातील शंकेचे निरसन चित्रांवरूनच होते. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे तपासले नाहीत तर ‘चांगला पायही बघाल का?’ असे नम्रपणे विचारायला संकोच करू नका. सांध्याची सैलता माणसागणिक वेगळी असते. काही जणांचे सारेच सांधे जन्मतः सैल असतात, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याची तुलना पुस्तकाशी नव्हे, त्याच माणसाच्या दुसऱ्या गुडघ्याशी करावी लागते. एसीएलसाठी सर्वांत भरवशाची मानली जाणारी हाताची चाचणी अमेरिकेतील जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाते आणि १९७६ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. गुडघा वीस-तीस अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून ती ठाम थांबते की ढिली सरकत जाते, हे जोखायचे, एवढीच ती चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. क्ष-किरणतज्ज्ञांना माझी विनंती आहे की, चीर आणि बंध यांपैकी काय आहे याची खात्री नसेल तेव्हा दोन्ही शक्यता अहवालात लिहाव्यात आणि रचनेतील नेहमीचे वेगळेपण असेल तर तसे ठळकपणे नमूद करावे. अनेक तज्ज्ञ हे आवर्जून करतात. जे करत नाहीत त्यांच्या अहवालाने घरातली झोप उडते.

आणखी एक विनंती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना आहे. गेल्या काही वर्षांत अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरी येथे ती सुरू झाली. डेरवणला खासगी महाविद्यालय त्याआधीपासून आहे. म्हणजे कोकणच्या किनारपट्टीवर आता विच्छेदनगृहे आहेत. प्रथम वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी गुडघा उघडतात, आणि बहुतेक ठिकाणी पुस्तकात दिलेले चार अस्थिबंध सापडले की बाकीचे साफ करून टाकले जाते. रिसबर्गचा बंध असा चरबीबरोबर बादलीत गेलेला मी पाहिला आहे आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटले आहे. १९४९ पासून राज्यात असलेल्या शरीररचनाविषयक कायद्याखाली महाविद्यालयांना देह मिळतात. आता देहदानही वाढत आहे. कुटुंबाने विश्वासाने दिलेल्या देहातील गुडघ्याची नोंद झाली नाही, तर त्या दानातून शिकण्याजोगे बरेच काही वाया जाते.

प्रत्येक विभागात एक साधी नोंदवही ठेवता येईल: वय, लिंग, बाजू, देह ताजा की फॉर्मॅलिनमधील, हम्फ्रीचा बंध, रिसबर्गचा बंध, गाद्यांमधला आडवा बंध, पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यातील बंध, फॅबेला यांपैकी काय आहे आणि काय नाही, असल्यास लांबी-रुंदी, कापण्याआधीचे आणि नंतरचे छायाचित्र. ‘नाही’ हीसुद्धा नोंद आहे आणि ती तितक्याच काळजीने व्हावी, कारण पुष्कळ अभ्यासांत सापडलेले मोजले जाते आणि न सापडलेले निसटते. विच्छेदन कोणत्या क्रमाने केले, तेही लिहावे, नाहीतर ल्युव्हेननंतर जो गोंधळ झाला तोच इथे होईल. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. वर्नियर कॅलिपर, मोबाइलचा कॅमेरा आणि शिकविणाऱ्याचा आग्रह पुरेसा आहे. काही वर्षांत आपल्या भागातील गुडघ्यांची स्वतःची माहिती हाती येईल आणि इथला क्ष-किरणतज्ज्ञ अहवाल लिहिताना तिचा आधार घेऊ शकेल.

अशा नोंदवहीचा नमुना मराठीत आणि इंग्रजीत तयार करून देण्याची, तसेच विद्यार्थ्यांना गुडघ्याचा मागचा भाग बंध न गमावता कसा उघडावा हे प्रत्यक्ष दाखविण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही. ज्या महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागाला याची गरज वाटेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. माझा पत्ता आपल्याकडे आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
शरीररचनाशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
जि. सिंधुदुर्ग